पसरणीचा घाट, सकाळी १० वाजून २९ मिनिटे

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी १० वाजून २९ मिनिटांनी पसरणी घाटात, वाईकडून पाचगणीकडे चढताना, १.३ लिटरचं एक डिझेल इंजिन बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं नाही. गाडी २०११ची, १,१८,००० किलोमीटर चाललेली. आत पाच माणसं होती, सगळी सुखरूप आहेत. गाडी कुणाची आणि कोणत्या कंपनीची, याला फार अर्थ नाही. मे महिन्यातल्या कुठल्याही शनिवारी त्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात, त्यातलीच ही एक. पुढच्या वेळा टोलची पावती, मोबाइलमधले फोटो आणि मेसेज यांवरून जुळवल्या आहेत.

१४ महिने आधी

गाडी धुवायला दिली होती. कुलंटच्या बाटलीतली पातळी 'मिनिमम'च्या खाली होती. धुणाऱ्या पोराने मालकाला विचारलं आणि नळाचं लिटरभर पाणी ओतलं. दोन महिन्यांनी पातळी पुन्हा उतरली तेव्हा पेट्रोल पंपावर हिरवं कुलंट मिळालं. गाडीत होतं लाल. हिरवं वरून ओतलं गेलं.

रंगाला तसं कुठलंही प्रमाण नसतं, एका कंपनीचं लाल ते दुसरीचं हिरवं असू शकतं. पण आतली गंजरोधक द्रव्यं वेगवेगळ्या जातीची असतात. काही सिलिकेटवर चालतात, काही सेंद्रिय आम्लांवर. दोन्ही एकत्र आली की संरक्षण कमी होतं, काही वेळा गाळ धरतो. वर नळाच्या पाण्यातले क्षार आणि क्लोराइड. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं होतं आणि ऑइल कूलरच्या पट्ट्याही ॲल्युमिनियमच्या. ऑइल कूलर म्हणजे ऑइल फिल्टरच्या बुडाशी बसवलेला, तळहातावर मावेल एवढा डबा. त्यात एका पट्टीआड ऑइल वाहतं, पुढच्या पट्टीआड कुलंट, आणि मधे जेमतेम पत्र्याएवढी भिंत असते.

ती भिंत गंजायला लागली ती या सुमारास.

४ महिने आधी

रेडिएटरचा वरचा होज पाइप फुगला. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने तो बोटांनी दाबून पाहिला, मऊ लागला. नवीन पाइप टाकला. जुना का फुगला, हे कुणी विचारलं नाही. या पाइपांचं रबर पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं, तेलात फुगतं. पाण्याच्या पाइपला तेल लागत होतं, याचा हा पहिला पुरावा. तो भंगाराच्या डब्यात गेला.

त्याच बैठकीत मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून ठेवला. "उन्हाळा येतोय साहेब, हा काढला की गाडी थंड राहते." आपल्याकडे हा सल्ला इतक्या गॅरेजमध्ये मिळतो, की त्यावर वाद घालणाराच वेडा ठरतो. थर्मोस्टॅट इंजिन गरम होईपर्यंत कुलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि मग वाट उघडतो. तो नसला की वाट कायम उघडी. गाडी खरोखरच थंड राहिली. थंडीच्या दिवसांत काटा मध्याच्या बराच खाली असायचा. रेडिएटरच्या नळ्या आतून तेलाने माखत होत्या, उष्णता बाहेर टाकायची त्यांची ताकद आठवड्यागणिक कमी होत होती, आणि काटा मालकाला सगळं उत्तम असल्याचं सांगत होता.

३ आठवडे आधी

सर्व्हिसिंग. ऑइल बदललं. डिझेल गाडीचं ऑइल भरल्यावर थोड्याच दिवसांत काळंकुट्ट होतं. या गाडीतून निघालेलं ऑइल तपकिरी होतं. ते ड्रममध्ये ओतलं गेलं.

कुलंटच्या बाटलीच्या कडेला चिकट थर होता. तिथल्या पोराने तो फडक्याने पुसला, वरून अर्धा लिटर कुलंट भरलं आणि जॉबकार्डवर पेनाने लिहिलं: 'कुलंट खराब. कस्टमरला सांगणे.' मालकाने गाडी संध्याकाळी ६ वाजता नेली. काउंटरवर त्या वेळी दुसरा माणूस होता. त्याने बिल दिलं, किल्ली दिली.

त्या दिवशी निदान करायला लागला असता तो अर्धा तास. पाण्यात तेल दिसलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो 'हेड गॅस्केट'. ते तपासायला एक साधं साधन असतं. काचेच्या नळीत निळा द्रव घेऊन, इंजिन चालू ठेवून, कुलंटवरची हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरत असेल तर निळा द्रव हिरवट किंवा पिवळा होतो. निळाच राहिला, तर गॅस्केट बहुधा शाबूत आहे, तेल दुसरीकडून येतंय. अशा गाडीत दुसरीकडे म्हणजे ऑइल कूलर.

शुक्रवार, रात्री ९:४०

मालकाने चारही टायरची हवा भरून आणली, काच पुसली, टाकी फुल्ल केली. बॉनेट उघडलं नाही. उघडून डिपस्टिक ओढली असती तर ऑइलची पातळी वरच्या खुणेपेक्षा सेंटीमीटरभर जास्त दिसली असती. इंजिनातलं ऑइल कमी होतं, वाढत नाही. वाढलेलं ऑइल म्हणजे त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं.

शनिवार, सकाळी ५:५५

सिंहगड रोडवरून निघाले. मालक, बायको, आई, मेहुणा, ९ वर्षांचा मुलगा. डिकीत दोन बॅगा आणि आंब्याची पेटी. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. मागून पांढरट धूर आला नाही, आवाज नाही, कुठलाही दिवा नाही.

६:४१

खेड-शिवापूरचा टोल. सुट्टीची रांग. एसी चालू.

७:१०

शिरवळच्या अलीकडे चहा. गाडी २५ मिनिटं उभी होती. मुलगा पुढच्या बंपरखाली वाकून म्हणाला, "बाबा, पाणी गळतंय." मालक म्हणाला, "एसीचं असतं ते."

एसीचं पाणी गळतं हे खरंच. पण ते डॅशबोर्डच्या रेषेत, केबिनखाली पडतं, त्याला रंग नसतो, वास नसतो. हे थेंब रेडिएटरच्या खाली होते. मुलाने बोट लावून पाहिलं. "तपकिरी आहे," तो म्हणाला. तेवढ्यात आजीने त्याला हात धुवायला बोलावलं.

७:५८

खंबाटकी घाट. पुण्याकडून जाताना तेव्हा घाट चढावाच लागायचा. बोगदा परतीच्या वाहतुकीला होता. दुसरा-तिसरा गिअर, पुढे उसाचा ट्रॅक्टर. मेहुण्याचं लक्ष गेलं: "दाजी, काटा जरा वर वाटतोय."

काटा मध्यापासून रेघभर वर होता. रेघभर ऐकायला काही वाटत नाही. पण बऱ्याच गाड्यांत हा काटा खऱ्या तापमानाच्या मागे धावत नाही. सुमारे ८० पासून १०५ अंशांपर्यंत तो मध्यावरच उभा राहील असा बसवलेला असतो, चालवणाऱ्याने उगाच घाबरू नये म्हणून. म्हणजे तो मध्य सोडतो तेव्हा काळजीची वेळ उलटून गेलेली असते.

८:०६

घाटमाथा. उतार लागला, वारा लागला, काटा खाली आला. मालक म्हणाला, "चढावर होतं तसं."

८:४०

वाई. मिसळ, नंतर ढोल्या गणपतीचं दर्शन. गाडी एक तास उभी.

या तासात गाडी काहीच करत नव्हती, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच तासात झालं. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कुलंटच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे भोकातून ऑइल पाण्यात जातं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब लगेच शून्यावर येतो. तापलेल्या कुलंटचा दाब मात्र बराच वेळ टिकतो. मग प्रवाह उलटा फिरतो आणि पाणी ऑइलमध्ये शिरतं. १४ महिन्यांपूर्वी गंजू लागलेली भिंत आता दोन्ही बाजूंनी वाहत होती.

९:४४

गाडीपाशी परतल्यावर पुढच्या चाकाजवळ ताटाएवढं ओलं होतं. या वेळी मालकाने बॉनेट उघडलं. बाटलीचं झाकण काढलं. आत फेटलेल्या कॉफीसारखा दाट, तपकिरी फेस होता. त्याने फोटो काढला आणि ९:४८ ला पुण्यातल्या ओळखीच्या मिस्त्रीला पाठवला: "हे काय आहे? घाट चढायचाय."

मेसेजवर एकच टिक आली.

शेजारी उभा असलेला रिक्षावाला डोकावून म्हणाला, "ऑइल-पाणी एक झालंय दादा. वाईतच दाखवून घ्या."

मालकाने घड्याळ पाहिलं. पाचगणीच्या हॉटेलचं चेक-इन ११ ला होतं. वाईतून पुढे १२ किलोमीटर घाट, म्हणजे जास्तीत जास्त अर्धा तास. एकदा पोचलो की तिथे दाखवू, असं ठरलं. बाटलीबंद पाणी विकत घेऊन लिटरभर ओतलं. बाटली 'मॅक्सिमम'च्या खुणेपर्यंत भरली.

त्या भरलेल्या बाटलीने सगळ्यांचं समाधान केलं. खालची नळी फेसाने बुजलेली होती. बाटलीतलं पाणी बाटलीतच राहिलं, रेडिएटरमध्ये उतरलंच नाही. या गाडीच्या कूलिंगमध्ये साडेपाच लिटर मावतात. त्या क्षणी आत किती होतं ते सांगता येत नाही. पुढे जे झालं त्यावरून निम्म्याहून फारसं जास्त नसावं.

१०:०३

निघाले. एसी चालू, ब्लोअर चारवर. आईला गरम होत होतं.

१०:११

घाट सुरू. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, पाचगणी १,३०० च्या आसपास. साधारण ६०० मीटरचा हा चढ १२ किलोमीटरमध्ये संपवायचा. पुढे एसटी, तिच्यापुढे एक मिनीबस, वेग १५च्या वर जात नव्हता. इंजिन पूर्ण जोर लावत होतं आणि रेडिएटरला वारा मात्र पंख्याचाच.

पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रकिनारी. हजार मीटरवर ते ९७ अंशांच्या आतच उकळतं. गाडीत ते उकळत नाही याचं कारण बंद झाकण आणि आतला दाब. एक बारचा दाब असला तर साधं पाणीही १२० अंशांपर्यंत धरून राहतं. पाइपच्या जोडातून गळती असल्याने इथे पुरेसा दाब टिकत नव्हता. खाली धोमच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा मुलाने खिडकीतून फोटो काढला. फोटोवर वेळ आहे १०:१७. कोपऱ्यात डॅशबोर्ड आलाय. काटा तीन चतुर्थांशाच्या वर आहे.

१०:१९

आई म्हणाली, "काहीतरी गोड वास येतोय." कुलंटमधल्या ग्लायकॉलचा वास गोडसर असतो. बायकोने खिडकी उघडली, पुढे मिनीबसचा धूर होता, तिने परत लावली.

१०:२०

मिस्त्रीने फोटो उघडला. उत्तर लिहिलं: "गाडी चालू करू नका. टो करून खाली आणा." मालकाच्या फोनला घाटात रेंज नव्हती.

१०:२२

काटा लाल पट्टीला टेकला. मेहुणा म्हणाला, "दाजी, बाजूला घ्या." उजवीकडे दरी, डावीकडे गटार आणि कडा, मागे गाड्यांची रांग, हॉर्न. मालकाने एसी बंद केला. हीटर पूर्ण चालू केला असता तर थोडी उष्णता केबिनमध्ये ओढली गेली असती, कदाचित थोडा वेळ मिळाला असता. मे महिन्यात, पाच माणसांच्या गाडीत, ही युक्ती कुणाला सुचत नाही.

"पुढे मोकळी जागा दिसली की घेतो," तो म्हणाला.

१०:२४

काटा उतरला.

आधी लाल पट्टीखाली, मग तीन चतुर्थांशावर, मग मध्यावर. मालकाने मेहुण्याला दाखवला. "बघ, एसी बंद केला तर आला खाली." गाडीतलं बोलणं पुन्हा सुरू झालं. आईने पाण्याची बाटली मागितली.

तापमान दाखवणारा सेन्सर हेडजवळ कुलंटमध्ये बुडवलेला असतो. त्याला जे लागतं, फक्त त्याचंच तापमान त्याला कळतं. पाणी त्याच्या पातळीखाली उतरलं, की तो वाफेत आणि हवेत लटकतो आणि कमी आकडा सांगायला लागतो. चढावर, जोर लावत असलेल्या, तापलेल्या इंजिनाचा काटा आपसूक खाली आला याचा अर्थ इंजिन थंड होतंय असा जवळजवळ कधीच नसतो. पाणी संपलंय, असा असतो. त्या सबंध सकाळी सगळ्यात जास्त दिलासा देणारी खूण हीच होती, आणि गाडी वाचवायची शेवटची संधी तिथेच गेली. थांबायला जागा नव्हती हे खरं आहे. १०:२५ ला मात्र एका वळणावर, करवंदं विकणाऱ्या बायका बसतात तिथे, दोन गाड्यांची मोकळी जागा होती. काटा मध्यावर असल्याने गाडी तिथे थांबली नाही.

१०:२७

पिकअप गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही दुसऱ्या गिअरमध्ये ओढेना, पहिला टाकला. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. हेड ॲल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक लोखंडाचा, दोघांना घट्ट धरून ठेवणारे बोल्ट. हेडला पसरायला जागा नसली की ते वाकतं.

१०:२८

खालून टकटक ऐकू यायला लागली. ऑइलचा लाल दिवा लागला, विझला, लागला. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, ऑइल आणि पाण्याचं मिश्रण होतं. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये जो ऑइलचा पापुद्रा असतो, तो त्या मिश्रणाला धरता येत नव्हता. धातूवर धातू घासत होता.

१०:२९

इंजिन थांबलं. मालकाने हँडब्रेक ओढला, मेहुण्याने उतरून मागच्या चाकाखाली दगड लावला. किल्ली फिरवल्यावर सेल्फचा एकच 'टक' आवाज आला, इंजिन हललं नाही. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती.

मालक फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणापाशी गेला. खालच्या वळणावरून एक करवंदंवाली चालत वर आली होती. तिने लांबूनच ओरडून सांगितलं, "झाकान उघडू नगा दादा! हात भाजंल!" तो थांबला. उरलंसुरलं पाणी दाबाखाली होतं. झाकण फिरताच ते वाफ होऊन तोंडावर आलं असतं. त्या दिवशी मिळालेल्या सूचनांपैकी ही एकच ऐकली गेली.

१०:५२

आणखी वर चालत गेल्यावर मेहुण्याच्या फोनला रेंज आली, मग मालकाच्या. मिस्त्रीचा मेसेज आला. त्यावर वेळ होती १०:२०.

दुपारी १:३५

टोइंगची गाडी आली. ३:१०ला गाडी वाईत होती.

मंगळवार, पुणे

चेंबरचा बोल्ट सोडल्यावर आधी पाणी आलं. बराच वेळ नुसतं पाणी, गढूळ. तीन दिवस उभ्या राहिलेल्या इंजिनात ते तळाशी बसलं होतं. मग दाट, दुधट ऑइल तुटत तुटत पडायला लागलं. ओळखीच्या मिस्त्रीने ते दोन बोटांत घेऊन चोळलं. चिकटपणा नव्हता.

सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की हेड गॅस्केट गेली आणि म्हणून ऑइल-पाणी एक झालं. मिस्त्रीने ऑइल कूलर काढला, एका तोंडाला गच्च बूच बसवलं, दुसरीकडून हवा भरली आणि पाण्याच्या बादलीत धरला. दोन पट्ट्यांच्या मधून बुडबुडे आले, बारीक, एका रेषेत. "सुरुवात इथून," तो म्हणाला. गॅस्केटही गेली होतीच, पण घाटात, शेवटच्या काही मिनिटांत. हेडवर पोलादी पट्टी ठेवून फटीत फीलर गेज घातला. अशा हेडला साधारण ०.०५ मिलिमीटर वाक चालतो. ०.२५ची पाती आरपार गेली. तिसऱ्या क्रमांकाचं बेअरिंग जागेवरून फिरून क्रँकला चिकटलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी ऑइल कूलर बदलून, सिस्टिम तीन-चार वेळा धुऊन, थर्मोस्टॅट परत बसवून, डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकाच जातीचं कुलंट भरलं असतं तर मिस्त्रीच्या अंदाजाने खर्च होता साडेआठ हजार. आता हेड, क्रँक, बेअरिंग, रेडिएटर, पाइप धरून ९४ हजार. मालकाने विमा कंपनीला फोन केला. तिथल्या माणसाने विचारलं, गाडी कशाला धडकली होती का? मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि त्यातून पुढे होणारं नुकसान धरलेलं नसतं. दावा दाखल झाला नाही. जूनमध्ये गाडी आहे त्या अवस्थेत विकली गेली.